दिवस गेलेत आणि नाक चोंदलंय, गोळी घेऊ का?

हवा बदलली की सर्दी-खोकल्याची पत्रं वाढतात, आणि त्यातली बरीचशी गरोदर स्त्रियांची किंवा त्यांच्या घरच्यांची असतात. म्हणून या वेळचं सदर त्यांच्यासाठी. ज्यांना बीपी, दमा, साखर, थायरॉइड किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी खालचं कुठलंही औषध घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना फोन करावा. बाकीच्यांनीही पहिल्या तीन महिन्यांत तसंच करावं.

प्रश्न : मला अकरावा आठवडा चालू आहे. चार दिवसांपासून नाक चोंदलंय, डोकं जड आहे, काल संध्याकाळी ताप १००.८ होता. ह्यांनी मेडिकलमधून सर्दीची गोळी आणली. पाकिटावर पॅरासिटामॉल ५००, फेनिलएफ्रिन १०, क्लोरफेनिरामिन २ आणि कॅफीन ३० मिलीग्रॅम असं लिहिलंय. सासूबाई म्हणतात, या दिवसांत कुठलीच गोळी घ्यायची नाही, अंगावर काढ. काय करू? (सातारा)

उत्तर : ही गोळी घेऊ नका, आणि ताप अंगावरही काढू नका. पाकिटाची मागची बाजू वाचलीत हे फार बरं केलंत. आता त्या चार नावांकडे एकेक करून पाहू.

पॅरासिटामॉल हे ताप आणि अंगदुखीचं औषध. गरोदरपणात नऊही महिने पहिली पसंती यालाच. तुम्हाला आज खरी गरज याचीच आहे.

फेनिलएफ्रिन घातलेलं असतं ते नाक मोकळं करायला. ते रक्तवाहिन्या आकसवतं. नाकातल्या सुजलेल्या वाहिन्या आकसल्या की हवेला वाट होते, असा त्यामागचा विचार. पण पोटात गेलेली गोळी नाकापुरती थांबत नाही. रक्तदाब वाढू शकतो, गर्भाशयाकडे जाणाऱ्या वाहिन्याही आकसू शकतात. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत ते टाळतात, आणि बीपी असेल तर शेवटपर्यंत. त्यातही वाईट वाटतं ते याचं, की तोंडानं घेतलेल्या फेनिलएफ्रिनचा नाकाला उपयोगच होत नाही. बरंचसं औषध आतड्यात आणि यकृतातच मोडून जातं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीनं सप्टेंबर २०२३ मध्ये एकमतानं हेच सांगितलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रशासनानं ते सर्दीच्या गोळ्यांतून काढण्याचा प्रस्ताव मांडला. ज्याचा फायदा नाही त्याच्यासाठी बाळाच्या वाट्याला थोडासुद्धा धोका कशाला?

क्लोरफेनिरामिन हे नाक गळणं आणि शिंका थांबवणारं जुनं औषध. गरोदर स्त्रियांनी ते अनेक दशकं घेतलेलं आहे आणि त्यानं बाळात व्यंग येतं असं दिसलेलं नाही. झोप मात्र भरपूर येते. तुमचं नाक गळत नाही, चोंदलंय. चोंदलेल्या नाकाला याचा फारसा उपयोग नाही, उलट आतला शेंबूड सुकून घट्ट होतो. कॅफीन घातलेलं असतं ती झोप उडवायला. गरोदरपणात दिवसाला २०० मिलीग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं. अशा तीन गोळ्यांतून ९० जातं, वर दोन-तीन कप चहा झाला की मर्यादा जवळ येते.

म्हणजे चारपैकी एकच औषध तुमच्या कामाचं. ते एकटं मिळतं आणि स्वस्तही मिळतं. मेडिकलमध्ये ‘सर्दीची गोळी द्या’ असं म्हणू नका, ‘नुसती पॅरासिटामॉल ५०० द्या, दुसरं काही मिसळलेलं नको’ असं म्हणा. ताप १००.४ च्या वर असेल किंवा डोकं फारच दुखत असेल तर एक गोळी, पाण्याबरोबर, काहीतरी खाऊन. दुसरी लागलीच तर किमान सहा तासांनी. दिवसभरात चारपेक्षा जास्त नाही. दोन दिवसांत ताप हटला नाही तर डॉक्टरांकडे. तुमचं वजन ५० किलोच्या आत असेल तर ६५० ची गोळी न घेता ५०० चीच घ्या.

आता सासूबाईंचं. विनाकारण गोळी नको हे त्यांचं म्हणणं अगदी रास्त आहे, ते माना. पण ताप हेच एक कारण आहे. पहिल्या तीन महिन्यांत, बाळाचा मेंदू आणि कणा घडत असताना, जास्त ताप बराच वेळ राहिला तर मज्जारज्जूच्या व्यंगाचा धोका वाढतो असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. शक्य झाल्यास हे उत्तर त्यांना वाचून दाखवा. काळजी तुम्हा दोघींची एकच आहे.

नाकासाठी मिठाचं पाणी. ते कसं करायचं हे पुढे ठाण्याच्या पत्राला उत्तर देताना सविस्तर दिलं आहे.

प्रश्न : माझी पाळी २ तारखेला आली होती. त्याच महिन्यात २७, २८ आणि २९ तारखेला मी सर्दीच्या एकूण पाच गोळ्या घेतल्या, वर सांगितल्यासारख्याच मिसळलेल्या. नंतर पाळी चुकली आणि चाचणी पॉझिटिव्ह आली. मला झोप लागत नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, रिस्क घेऊ नको, खाली करून घे. (नाशिक)

उत्तर : या कारणासाठी गर्भपात करायची काहीही गरज नाही. आधी हे, मग बाकीचं.

तारखा दिल्यात हे फार उपयोगी पडलं. तुमचं चक्र साधारण २८ दिवसांचं असेल तर गर्भधारणा १५-१६ तारखेच्या सुमारास झाली. म्हणजे गोळ्या पोटात गेल्या तेव्हा गर्भाचं वय ११ ते १४ दिवस होतं. तो तेव्हा गर्भाशयाच्या अस्तरात नुकताच रुजत होता. हृदय, मेंदू, हातपाय घडायला सुरुवात होते ती गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यापासून. त्याआधीच्या काळात एखाद्या औषधानं खरंच मोठा घात केला तर गर्भ टिकतच नाही, पाळी येऊन जाते. टिकला तर सहसा पेशी भरून निघतात आणि तो नीट वाढतो. शिवाय तुम्ही घेतलेल्या चारही औषधांपैकी एकही मोठी व्यंगं निर्माण करणारं म्हणून ओळखलं जात नाही. चक्र अनियमित असेल तर हिशेब थोडा पुढेमागे होईल, पण निष्कर्ष बदलणार नाही.

कुठलीही गोळी न घेतलेल्या शंभर स्त्रियांमध्येही दोन-तीन बाळांना जन्मतः काही ना काही व्यंग असतं. तेवढी शक्यता प्रत्येक गरोदरपणात असते, तुमच्यातही आहे. पाच गोळ्यांनी ती वाढली असं मानायला आधार नाही.

करायचं ते इतकंच: ते पाकीट जपून ठेवा, नाव नोंदवायला जाल तेव्हा डॉक्टरांना दाखवा, केसपेपरवर तारखांसह लिहून घ्या. फोलिक अॅसिड सुरू नसेल तर आजच सुरू करा. ११ ते १३ आठवड्यांची आणि १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका, त्या सगळ्यांनाच करायच्या असतात.

काकूंच्या मनातली भीती कुठून येते तेही सांगायला हवं. १९५० च्या दशकाच्या शेवटी पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं औषध झोपेसाठी आणि मळमळीसाठी सर्रास विकलं गेलं. फ्लू-सर्दीच्या एका मिश्र गोळीतही ते होतं. त्यातून हजारो बाळं आखूड हातापायांची जन्मली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये ते तिथे बाजारातून काढलं गेलं. गरोदरपणातल्या औषधांकडे जग इतकं बारकाईनं बघायला लागलं ते तेव्हापासून. तुम्ही घेतलेल्या गोळीचा त्या औषधाशी काही संबंध नाही.

प्रश्न : पॅरासिटामॉलनं बाळाला ऑटिझम होतो असं व्हॉट्सअॅपवर फिरतंय. बायकोला सातवा महिना आहे, तिनं दोनदा घेतली आहे. आता तीही बंद करायची का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : बंद करू नका, पण कारण असेल तेव्हाच घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारनं तसा इशारा दिला, तिथून हे सुरू झालं. दोनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट केलं की असा संबंध ठामपणे दाखवणारा पुरावा नाही. त्याआधी, २०२४ मध्ये, स्वीडनमधल्या जवळपास २५ लाख मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. वरवर पाहता थोडा फरक दिसला. मग त्यांनी एकाच आईची दोन मुलं घेतली, एकाच्या वेळी गोळी घेतलेली आणि दुसऱ्याच्या वेळी न घेतलेली, आणि त्यांची तुलना केली. फरक नाहीसा झाला. म्हणजे तो घराण्याचा, आईच्या इतर आजारांचा किंवा ज्या तापासाठी गोळी घेतली त्या तापाचा असावा.

दोनदा घेतलेल्या गोळीची काळजी सोडून द्या. रोजच्या डोकेदुखीसाठी आठवडेच्या आठवडे गोळी घ्यावी लागत असेल तर मात्र दाखवायला जा. सातव्या महिन्यातली सारखी डोकेदुखी ही बीपी वाढल्याची खूण असू शकते, आणि गोळीनं ती झाकली जाते.

प्रश्न : सातवा महिना. तीन आठवड्यांपासून नाकात झायलोमेटाझोलिनचे थेंब घालतेय. घातले की दहा मिनिटांत मोकळं, चार तासांनी पुन्हा बंद. आता थेंबांशिवाय झोपच येत नाही. सर्दी तर कधीच गेली, ना ताप ना शिंका. (ठाणे)

उत्तर : तुमच्या नाकात दोन गोष्टी एकात एक अडकल्या आहेत.

पहिली गरोदरपणाची. या दिवसांत संप्रेरकांमुळे आणि शरीरातलं रक्त वाढल्यामुळे नाकाचं अस्तर सुजतं. सर्दी नाही, अॅलर्जी नाही, तरी नाक सहा-सहा आठवडे बंद. बाळंतपणानंतर साधारण दोन आठवड्यांत ते आपोआप मोकळं होतं. हा आजार नाही, म्हणून त्याला सर्दीची औषधं लागूही पडत नाहीत.

दुसरी थेंबांची. हे थेंब रक्तवाहिन्या जोरात आकसवतात. असर उतरला की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात, तुम्ही पुन्हा थेंब घालता, त्या पुन्हा फुगतात. म्हणून अशा थेंबांची मर्यादा तीन दिवसांची, फार तर पाच. तुमचे एकवीस झाले.

सोडायची रीत अशी. दोन्ही नाकपुड्यांचं एकदम बंद केलंत तर रात्र निघणार नाही. आज रात्रीपासून उजव्या नाकपुडीत थेंब पूर्ण बंद, डावीत फक्त झोपताना एकदा. उजवी चार-पाच दिवस चोंदलेली राहील, मग सैल होईल. ती सैल झाली की डावीचेही बंद. या काळात मिठाच्या पाण्यानं दिवसातून तीन-चार वेळा नाक धुवा. दहा दिवसांनीही जमलं नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञ बुडेसोनाइडचा फवारा देतात. तो गरोदरपणात चालतो आणि त्याची अशी सवय लागत नाही. दोन-तीन दिवसांनंतर त्याचा गुण दिसतो, लगेच नाही, हे माहीत असू द्या.

मिठाचं पाणी नीट केलं नाही तर नाक झोंबतं आणि मग लोक ते सोडून देतात, म्हणून मापासकट सांगतो. अर्धा लिटर पाणी खळखळून उकळा, एक-दोन मिनिटं उकळतं ठेवा, झाकून कोमट होऊ द्या. त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ, वर बोट फिरवून सपाट केलेला. चिमूटभर खायचा सोडा घातला तर झोंबणं आणखी कमी होतं. मीठ कमी पडलं तरी झोंबतं, जास्त झालं तरी झोंबतं. डोळ्यांतल्या पाण्याइतकं खारट लागलं की बरोबर. जलनेतीचं भांडं असेल तर ते, नसेल तर मेडिकलमधून सुई नसलेली २० मिलीची सिरिंज आणा. बेसिनवर वाकून, मान एका बाजूला कलती ठेवून, तोंडानं श्वास घेत, वरच्या नाकपुडीत हळू सोडायचं. पाणी खालच्या नाकपुडीतून येतं. जोरात दाबलंत तर ते कानाकडे जातं आणि कान दुखतो. झाल्यावर एकेक नाकपुडी हलकेच शिंकरा, दोन्ही दाबून नाही. उरलेलं पाणी त्याच दिवशी टाकून द्या.

नळाचं कच्चं पाणी नाकात कधीही घालू नका, गाळलेलंही नको. केरळात गेल्या काही वर्षांत अमीबामुळे मेंदूज्वराचे रुग्ण सापडले, तो जंतू नाकातल्या पाण्यावाटेच मेंदूत शिरतो. उकळलं की तो मरतो.

रात्री डोक्याखाली दोन उशा आणि कुशीवर झोपणं, यानंही बराच फरक पडतो.

प्रश्न : सुनेला पाचवा महिना आहे. सर्दी झाली की आमच्याकडे आलं-तुळस-ज्येष्ठमधाचा काढा, गुळवेलीचा रस, ओव्याची पुरचुंडी, वाफारा आणि रात्री छातीला व्हिक्स असतं. यातलं तिला काय देऊ? घरचंच आहे, त्यात काही नसतं ना? (राजापूर)

उत्तर : यातलं बरंच देण्यासारखं आहे. ‘घरचं म्हणून निर्धोक’ हे मात्र सगळ्याला लागू नाही.

आलं द्या, बोटाच्या पेराएवढा तुकडा दिवसभरात, चहात किंवा मधाबरोबर. तुळशीची चार-पाच पानं चालतील. चिमूटभर हळद घातलेलं दूध चालेल. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल नकोत, त्यात पदार्थाच्या कितीतरी पट हळद एकवटलेली असते.

ज्येष्ठमध काढून टाका. त्यातल्या गोड द्रव्यानं शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं आणि बीपी वाढतं, आणि पाचव्या महिन्यानंतर बीपीवरच तर आपली नजर असते. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या गोळ्या लोक आवडीनं खातात. तिथल्या सरकारी आहार-सल्ल्यात गरोदर स्त्रियांना त्या टाळायला सांगितलं आहे. घशासाठी चघळायच्या गोळ्या आणि तयार काढ्याच्या पुड्या घेताना मागचं वाचा, त्यात बऱ्याचदा ज्येष्ठमध असतं. एखाद्या दिवशी काढ्यात पडलं असेल तर घाबरायचं कारण नाही, रोज नको. गुळवेलही नको. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं ती मान्य केली नाही. पण तो वाद मिटेपर्यंत गरोदर बाईला देण्याची गरज काय?

ओवा तव्यावर भाजून सुती फडक्यात बांधलेली पुरचुंडी हुंगायला उत्तम. आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, सोसवली तरच तिच्या हातात द्या. व्हिक्स छातीला आणि पाठीला थोडं लावा. नाकपुडीच्या आत नको, गरम पाण्यात टाकून पिणं तर मुळीच नको. त्यात कापूर असतो आणि पोटात गेलेला कापूर विषारी ठरतो.

वाफारा द्या, साध्या पाण्याचा, पाच ते सात मिनिटं. पातेलं मांडीवर किंवा पलंगावर ठेवू नका, स्थिर टेबलावर ठेवा. पोट पुढे आलेलं असतं, वाकताना तोल जातो, आणि उकळतं पाणी मांड्यांवर सांडून भाजतं. चक्कर आली तर लगेच थांबायचं, जवळ कुणीतरी असावं.

आणि बंद खोलीत शेगडीवर ओवा-कापराची धुरी देत असाल तर ती थांबवा. कोळशाचा विषारी वायू आईच्या रक्तातून बाळापर्यंत जातो आणि बाळाच्या रक्ताला तो आईपेक्षा घट्ट चिकटतो. बाळंतपणानंतरच्या शेक-शेगडीलाही हेच लागू, खिडकी उघडी हवीच.

प्रश्न : सहावा महिना. खोकल्यासाठी मेडिकलवाल्यानं एक औषध दिलं. दोन चमचे घेतले की छातीत धडधड होते, हात थरथरतात. बाळाला काही होईल का? (लातूर)

उत्तर : बाटलीवर टर्ब्युटालिन किंवा साल्ब्युटामॉल लिहिलंय का बघा, बहुतेक असेलच. आपल्याकडच्या कफाच्या कितीतरी औषधांत ते ब्रोमहेक्सिन आणि ग्वायफेनेसिनबरोबर मिसळलेलं असतं. ते दम्याचं औषध आहे. श्वासनळ्या आवळल्या असतील तेव्हा ते लागतं, साध्या सर्दीच्या खोकल्याला नाही. त्यानं नाडी वेगानं चालते, हात कापतात, रक्तातली साखर वाढते. दोन-चार डोसांनी बाळाला इजा होत नाही, पण बाटली आता बाजूला ठेवा. धडधड थांबली नाही किंवा छातीत दुखलं तर लगेच दवाखान्यात जा. दम्यासाठी डॉक्टरांनी पंप दिला असेल तर तो मात्र चालू ठेवायचा, दमा बळावला तर बाळाला प्राणवायू कमी पडतो.

कोडीन असलेलं औषध नको, बाळंतपण जवळ आलं असेल तर अजिबात नको. जन्मल्यावर बाळाचा श्वास मंदावू शकतो. मद्यार्क असलेली बाटली नको. कोरडा खोकला रात्रभर झोपू देत नसेल तर नुसतं डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं औषध डॉक्टर देतात, ते चालतं. गरोदरपणात साखर निघाली असेल तर शुगर-फ्री मागून घ्या, आणि मोजायला बाटलीबरोबरचं मापाचं टोपणच वापरा, घरातला चमचा नको.

तोवर झोपताना एक-दोन चमचे मध (साखर असेल तर नको) आणि दिवसातून चार वेळा कोमट मिठाच्या गुळण्या. खोकताना लघवीचा थेंब गळतो, पोटाच्या कडेला लचक भरते. उशी पोटाशी धरून, गुडघे वाकवून खोकलं की ताण कमी बसतो.

मेडिकलमधून अॅझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी आणू नका. सर्दी विषाणूची असते, प्रतिजैविकाचा तिच्यावर परिणाम होत नाही. घरात उरलेली डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन तर हातातही घेऊ नका. डॉक्सिसायक्लिननं बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात.

खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर थुंकीची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. क्षयाची नेहमीची औषधं गरोदरपणात देता येतात, न दिलेली जास्त महागात पडतात.

प्रश्न : आठवा महिना. अंग ठणकत होतं म्हणून आईनं कॉम्बिफ्लाम दिली, एकच घेतली. शिवाय मला रोज अॅस्पिरिन ७५ चालू आहे, तीही वाईट का? (अकोला)

उत्तर : एका गोळीनं काही होणार नाही, दुसरी घेऊ नका. तिच्यात पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन असतं. विसाव्या आठवड्यानंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, निमेसुलाइड ही मंडळी बाळाच्या मूत्रपिंडाचं काम मंदावतात. बाळाची लघवी म्हणजेच गर्भजल, ते कमी होतं. तिसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या हृदयाजवळची एक वाहिनी, जी जन्मानंतर मिटायची असते, ती पोटातच मिटू लागण्याचा धोका असतो. दोन-तीन दिवस सलग घेतल्या असत्या तर सोनोग्राफीत गर्भजल बघायला सांगितलं असतं.

अॅस्पिरिन ७५ वेगळी. ती बीपी वाढू नये म्हणून अगदी कमी मात्रेत दिलेली असते. हे वाचून ती बंद करू नका.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीला आहे, तिच्या बाळंतपणाला निघालेय. इथल्या सर्दीच्या गोळ्या आणि डोलो ६५० घेऊन जाऊ का? (पुणे)

उत्तर : सर्दीच्या मिश्र गोळ्या नेऊ नका. तुमच्या स्वतःसाठी डोलो न्या, मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसह. मुलीला मात्र तिच्या तिथल्या डॉक्टरांनी सांगितलेलंच द्या.

गडबड नावांमुळे होते. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो त्याला तिथे अॅसिटामिनोफेन म्हणतात, आणि टायलेनॉल म्हणजे तेच. मुलीनं टायलेनॉल घेतली, वर डेक्विल या तिथल्या सर्दीच्या औषधाच्या दोन कॅप्सूल घेतल्या आणि तुम्ही प्रेमानं डोलो दिलीत, तर एकच औषध तीन नावांनी पोटात गेलं. त्या दोन कॅप्सूलमध्येच ते ६५० मिलीग्रॅम असतं. पॅरासिटामॉल जास्त झालं की यकृत निकामी होतं, आणि पहिले एक-दोन दिवस काही कळतही नाही. फ्रिजच्या दारावर कागद लावा, कुठली गोळी किती वाजता घेतली ते त्यावर लिहा. तिथल्या नायक्विलच्या मूळ पातळ औषधात मद्यार्क असतो, ते नको. नाक मोकळं करायला सूडाफेडच्या नावाखाली दोन वेगवेगळी औषधं मिळतात, डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही नकोत.

प्रश्न : साधी सर्दी आणि फ्लू ओळखायचा कसा? मला बत्तिसावा आठवडा आहे, ह्यांना फ्लू झालाय. (नागपूर)

उत्तर : सर्दी हळूहळू चढते, नाकापासून सुरू होते, ताप फारसा नसतो. फ्लू एकदम येतो. सकाळी बरी असलेली बाई संध्याकाळी थंडी वाजून १०२ तापानं आडवी होते, अंग मोडून येतं, खोकला कोरडा. तुमच्या बाबतीत घरात फ्लू आहे, तेव्हा ताप आला की तो फ्लूच समजून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. ऑसेल्टामिव्हिर ७५ मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस, हे औषध गरोदरपणात दिलं जातं आणि ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर खरा उपयोग होतो. तपासणीच्या रिपोर्टसाठी थांबायचं नसतं. २००९ साली स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. त्या साथीत गरोदर स्त्रियांचा आजार इतरांपेक्षा जास्त गंभीर होतो हे जगभर दिसलं. वाढलेल्या पोटानं फुप्फुसांना जागा कमी पडते, आणि प्रतिकारशक्तीही या दिवसांत वेगळी वागते.

धाप लागणं, छातीत दुखणं, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९५ च्या खाली आकडा, ओठ निळसर, गुंगी, बाळाची हालचाल कमी वाटणं, पॅरासिटामॉल घेऊनही न हटणारा ताप: यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. ताप आहे पण सर्दी-खोकला काहीच नाही असं असेल तर डेंग्यू-मलेरियाची रक्ततपासणी आधी.

फ्लूची लस घेतली नसेल तर बऱ्या असताना घ्या. इंजेक्शनची लस कुठल्याही महिन्यात चालते आणि तिचं संरक्षण बाळाला जन्मानंतरचे पहिले काही महिने पुरतं. नाकात फवारायची जिवंत विषाणूंची लस नको. जिल्हा रुग्णालयात गरोदर स्त्रियांसाठी इंजेक्शनची लस आहे का ते विचारा. तुमच्या यजमानांनी वेगळ्या खोलीत झोपावं, मास्क लावावा, तुमचा टॉवेल वेगळा.

प्रश्न : बाळ दीड महिन्याचं आहे, मला सर्दी झालीय. अंगावर पाजू की नको? (पणजी)

उत्तर : पाजा. सर्दी दुधातून जात नाही, शिंकेतून आणि हातांतून जाते. सर्दीविरुद्धची तुमची प्रतिद्रव्यं मात्र दुधातून बाळाला मिळतात. मास्क लावा, घेण्याआधी साबणानं हात धुवा. पॅरासिटामॉल चालतं, आता आयबुप्रोफेनही चालतं. नाक मोकळं करणाऱ्या स्यूडोएफेड्रिननं दूध कमी होतं, ते टाळा. झोप आणणारी सर्दीची गोळी घेतलीत तर बाळही पेंगुळतं आणि नीट ओढत नाही, आणि अशी गोळी घेऊन बाळाला शेजारी घेऊन झोपू नका. तुमच्या छातीला लावलेलं व्हिक्स पाजण्याआधी पुसून काढा, इतक्या लहान बाळाच्या नाकाशी ते नको.